क्रोन रोगावरील शस्त्रक्रिया : उदरच्छेद व उदरदर्शक पद्धती

क्रोन रोग हा पचनमार्गाचा चिरकारी (दीर्घकाळ टिकणारा) शोथयुक्त विकार असून तो मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही उद्‌भवू शकतो. तथापि लहान आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे शेषांत्र आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा आरंभीचा भाग म्हणजे उंडुक, ही त्याची सर्वांत नेहमीची स्थाने होत. रोग बहुधा १५ ते ३५ या वयात प्रथम प्रकट होतो. औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण समूळ बरा होत नाही आणि शस्त्रक्रियेनेही होत नाही. ही गोष्ट आरंभीच लक्षात घेणे अवश्य आहे, कारण प्रस्तुत नोंदीतील तुलनेचे मर्म तीत आहे. पित्ताशय किंवा आंत्रपुच्छ काढून टाकल्यावर त्या अवयवापुरता प्रश्न मिटतो. क्रोन रोगात विकृत भाग काढला, तरी राहिलेल्या आतड्यात रोग पुन्हा डोके वर काढण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे विशीतील रुग्णाच्या उदरावर शस्त्र चालविताना त्याच उदरात काही वर्षांनी पुन्हा शिरावे लागेल, हे शल्यचिकित्सकाला गृहीत धरावे लागते.

ही शस्त्रक्रिया दोन मार्गांनी केली जाते. उदराच्या भित्तीवर लांब छेद घेऊन आतडी प्रत्यक्ष डोळ्यांसमोर व हातात घेणे, ही जुनी उदरच्छेद पद्धती होय. उदरभित्तीवर काही लहान छिद्रे पाडून त्यांतून प्रकाशयुक्त दर्शक व लांब दांड्याची उपकरणे आत सरकवून काम करणे, ही नवी उदरदर्शक पद्धती होय. बोलीभाषेत हिला ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणतात. ‘बिनटाक्याची’ असेही तिचे वर्णन ऐकू येते, ते मात्र चुकीचे आहे. टाके असतात, पण ते थोडे असतात.

रोगाचे स्वरूप : क्रोन रोगातील शोथ आतड्याच्या केवळ अंतःस्तरापुरता मर्यादित नसतो. तो भित्तीच्या संपूर्ण जाडीत पसरतो व आतड्याला धरून ठेवणाऱ्या आंत्रबंधातही (आतड्याला उदराच्या मागील भित्तीशी जोडणाऱ्या, रक्तवाहिन्या व वसा असलेल्या पडद्यातही) शिरतो. रोगग्रस्त भागांच्या दरम्यान निरोगी आतडे आढळते, म्हणजेच विकृती सलग नसून तुटक असते. भित्ती जाड होऊन त्यात तंतुमय ऊतक साचले म्हणजे पोकळी निरुंद होते. उलट व्रण खोलवर जाऊन भित्तीच्या पार गेला, तर विद्रधी (पूयुक्त गळू) किंवा नालव्रण (दोन पोकळ्यांना जोडणारी विकृत वाट) तयार होतो. असा नालव्रण आतड्याच्या दुसऱ्या वेटोळ्यात, मूत्राशयात, योनिमार्गात किंवा थेट त्वचेवरही उघडू शकतो. आंत्रबंध नेहमीच्या कितीतरी पट जाड, ठिसूळ व रक्ताळ झालेला असतो. कोणत्याही पद्धतीने शस्त्रक्रिया केली, तरी खरी अवघड जागा हीच असते.

भारतात या रोगाच्या निदानात एक विशेष अडचण येते. शेषांत्र व उंडुक यांचा क्षय जवळजवळ अशीच लक्षणे, अशीच निरुंदी व अशीच कणार्बुदे निर्माण करतो [→ क्षयरोग]. क्षय समजून क्रोन रोगाच्या रुग्णाला क्षयरोधी औषधे दिली जाणे आणि क्रोन समजून क्षयरोग्याला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली जाणे, अशा दोन्ही प्रकारच्या चुका घडू शकतात. त्यांपैकी दुसरी अधिक घातक होय. काही रुग्णांत तर शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याची सूक्ष्मदर्शकीय तपासणी झाल्यावरच निदान पक्के होते.

शस्त्रक्रियेची कारणे : औषधांना न जुमानणारा शोथ, वारंवार होणारा आंत्ररोध (आतड्यातून अन्न पुढे न सरकणे), विद्रधी, नालव्रण, आतडे फुटणे, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आणि लहान मुलांत खुंटलेली वाढ ही शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्णांना आयुष्यात केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागे. जैव औषधांच्या आगमनानंतर हे प्रमाण घटले आहे, पण शस्त्रक्रियेची गरज नाहीशी झालेली नाही. तंतुमय निरुंदी तर औषधाने सहसा मोकळी होत नाही.

इतिहास : ग्लासगो येथील शल्यचिकित्सक टी. केनेडी डॅल्झील यांनी १९१३ मध्ये आतड्याच्या अशा चिरकारी शोथाचे वर्णन केले होते. तथापि रोगाला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९३२ मध्ये. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल बी. क्रोन, लीअन गिन्झबर्ग व गॉर्डन डी. ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांवर आधारलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे रुग्ण मुख्यतः ए. ए. बर्ग या शल्यचिकित्सकांचे होते, परंतु निबंधावर स्वतःचे नाव घालण्यास त्यांनी नकार दिला. लेखकांची नावे वर्णानुक्रमाने छापली गेली आणि आद्याक्षरामुळे क्रोन यांचे नाव रोगाला चिकटले. शस्त्र चालविणाऱ्याचे नाव मात्र मागे राहिले.

आरंभीच्या काळात विकृत आतडे जागेवरच ठेवून त्याच्या अलीकडचे आतडे मोठ्या आतड्याला जोडण्याची, म्हणजे वळणमार्ग काढण्याची रीत होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहौअर यांच्यावर जून १९५६ मध्ये आंत्ररोधासाठी हीच शस्त्रक्रिया झाली. ते त्या वेळी ६५ वर्षांचे होते व आदल्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तरीही ते बरे झाले व त्याच वर्षी पुन्हा निवडून आले. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्यांना पुन्हा आंत्ररोध झाला आणि पुन्हा उदर उघडावे लागले. या खेपेस कारण रोग नव्हता, तर १९५६ च्या शस्त्रक्रियेनंतर उदरात निर्माण झालेली आसंजने (अवयवांना एकमेकांशी चिकटविणारे तंतुमय पट्टे) हे होते. मार्च १९६९ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. उदर उघडण्याची किंमत कधीकधी १०-१२ वर्षांनी चुकवावी लागते, याचे हे प्रसिद्ध उदाहरण होय.

वळणमार्ग ठेवलेल्या विकृत भागात रोग धुमसत राहतो व पुढे कर्करोगही होऊ शकतो, असे दिसून आल्यावर ती पद्धत मागे पडली आणि विकृत भागाचे उच्छेदन (काढून टाकणे) रूढ झाले. दोन्ही बाजूंचे भरपूर निरोगी आतडे काढल्यास रोग परतणार नाही, अशी तेव्हा अपेक्षा होती. ती खोटी ठरली. क्लीव्हलँड येथील व्ही. डब्ल्यू. फॅझिओ व सहकारी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत निरोगी कडा २ सेंमी. ठेवली काय किंवा १२ सेंमी. ठेवली काय, रोग परतण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. लहान आतडे हे रुग्णाचे मर्यादित भांडवल आहे. ते सु. ६ मी. लांब असते आणि वारंवार उच्छेदनाने २ मी.पेक्षा कमी उरले, तर पोषण धोक्यात येते. म्हणून आवश्यक तेवढेच काढणे हा आता दंडक झाला आहे.

या काटकसरीच्या विचारात भारताचा वाटा आहे. आर. एन. कटारिया व त्यांचे सहकारी यांनी आतड्याच्या क्षयजन्य निरुंदीवर आतडे न कापता ती रुंद करण्याची कृती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. निरुंद भागावर आतड्याच्या लांबीच्या दिशेने छेद घेऊन तो आडवा शिवला की पोकळी मोकळी होते व आतड्याचा एकही तुकडा वाया जात नाही. इंग्लंडमध्ये इमॅन्युएल ली यांनी १९८२ मध्ये हीच कृती क्रोन रोगात वापरली आणि पुढे ती जगभर मान्य झाली. क्षय व क्रोन यांच्या ज्या साम्यामुळे निदानात घोटाळा होतो, तेच साम्य येथे उपयोगी पडले.

उदरच्छेद पद्धती : रुग्णाला पूर्ण शुद्धिहरण दिल्यावर बेंबीच्या वर-खाली मध्यरेषेवर छेद घेतात. छेदाची लांबी रोगाच्या व्याप्तीनुसार बदलते. संपूर्ण लहान आतडे बाहेर घेऊन बोटांमधून सरकवीत तपासले जाते. निरुंद जागा, आंत्रबंधाच्या बाजूची जाड कड आणि दोन वेटोळ्यांमधील लपलेली वाट हाताला चटकन कळते. नंतर आंत्रबंधातील रक्तवाहिन्या बांधून विकृत शेषांत्र व उंडुक काढतात आणि लहान आतड्याचे टोक मोठ्या आतड्याला हाताने शिवून किंवा धातूच्या सूक्ष्म टाचण्या मारणाऱ्या उपकरणाने जोडतात. उदरात पू असेल किंवा रुग्ण फार अशक्त असेल, तर जोड लगेच न करता आतड्याचे टोक काही महिने उदरभित्तीवर उघडे ठेवतात.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे स्पर्श. रक्तस्राव झाला तर तो तत्काळ बोटाने दाबता येतो, ही दुसरी जमेची बाजू. दोष मुख्यतः छेदाचे आहेत. वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेण्यास व खोकण्यास कचरतो. त्यामुळे फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो. आतड्याची हालचाल पूर्ववत होण्यास वेळ लागतो. जखमेत जंतुसंक्रामण होऊ शकते आणि स्टेरॉइडे घेणाऱ्या कृश रुग्णात त्याचा धोका अधिक असतो. मध्यरेषेवरील मोठ्या छेदानंतर शेकडा सु. १० ते २० जणांत पुढे त्या जागी अंतर्गळ होतो. शिवाय आसंजने होतात, ती वेगळीच.

उदरदर्शक पद्धती : जर्मन वैद्य गेओर्ख केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या उदरात हवा भरून दर्शकाने आतील अवयव पाहिले. स्वीडनमधील हान्स क्रिस्त्यान याकोबेउस यांनी १९१० मध्ये हा प्रयोग माणसावर केला. पुढे अनेक वर्षे दर्शकाचा उपयोग मुख्यतः पाहण्यापुरता आणि स्त्रीरोगचिकित्सेत होत राहिला. कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये आंत्रपुच्छ आणि एरिख म्यूए यांनी १९८५ मध्ये पित्ताशय या मार्गाने काढले. दोघेही जर्मन होते आणि दोघांनाही स्वकीयांची कडवट टीका सोसावी लागली. भारतात तेहेम्तन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या पद्धतीने पित्ताशय काढून नव्या शाखेचा पाया घातला. आतड्यावरील उदरदर्शक शस्त्रक्रियाही १९९० नंतरच्या दशकात सुरू झाल्या. क्रोन रोगाकडे मात्र शल्यचिकित्सक जपून वळले. जाड आंत्रबंध, गुंतलेली वेटोळी व तुटक विकृती पाहता हा रोग या पद्धतीस प्रतिकूल आहे, असे पुष्कळांचे मत होते.

या पद्धतीत बेंबीजवळच्या छिद्रातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू पाऱ्याच्या सु. १२ ते १५ मिमी. दाबाने उदरगुहेत भरतात. त्यामुळे उदरभित्ती तंबूसारखी उचलली जाऊन आत काम करण्यास जागा मिळते. बहुधा ५ ते १२ मिमी. व्यासाच्या तीन-चार नळ्या बसवून एकीतून दर्शक व इतरांतून चिमटे, कात्री व रक्तवाहिनी बंद करणारी उपकरणे घालतात. आतील दृश्य पडद्यावर मोठे होऊन दिसते. रुग्णाची शय्या तिरपी करून आतडी गुरुत्वाकर्षणाने बाजूला सरकवितात. उजवीकडील मोठे आतडे मागील भित्तीपासून सोडविताना उजवी मूत्रवाहिनी व लहान आतड्याच्या आरंभीचा भाग (ग्रहणी) यांना इजा होऊ न देणे महत्त्वाचे असते.

यानंतरचा भाग बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतो. सोडविलेले आतडे शेवटी बाहेर काढावेच लागते. त्यासाठी बेंबीजवळचे छिद्र सु. ४ ते ६ सेंमी. वाढवितात किंवा ओटीपोटाच्या खालच्या भागात आडवा छेद घेतात. पुष्कळदा जाड आंत्रबंध कापणे व टोके जोडणे ही कामेही या छेदातून आतडे बाहेर घेऊन, म्हणजे खुल्या पद्धतीप्रमाणेच केली जातात. म्हणजे आतड्यावर होणारी क्रिया दोन्ही पद्धतींत एकच असते. तोच भाग, तेवढाच, तसाच काढला जातो. भेद आहे तो उदरभित्तीला होणाऱ्या इजेचा, आतडी बाहेर उघडी राहण्याच्या काळाचा व हाताळणीचा. दुर्बिणीने रोग अधिक मुळापासून निघतो किंवा उलट अर्धवट राहतो, हे दोन्ही समज यामुळे निराधार ठरतात.

तुलना : या दोन पद्धतींची यादृच्छिक विभागणीने (कोणत्या रुग्णास कोणती पद्धत हे चिठ्ठीने ठरवावे त्याप्रमाणे) केलेली तुलना मोजकीच आहे. क्लीव्हलँड येथील जे. डब्ल्यू. मिल्सम व सहकारी यांच्या ६० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. उदरदर्शक गटात श्वसनक्षमता मूळच्या शेकडा ८० पर्यंत येण्यास मध्यमानाने २.५ दिवस, तर उदरच्छेद गटात ३.५ दिवस लागले. किरकोळ उपद्रव पहिल्या गटात कमी होते. रुग्णालयातील मुक्काम अनुक्रमे ५ व ६ दिवस होता, म्हणजे फरक फारसा नव्हता.

नेदर्लंड्समधील चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीतही रुग्ण ६० होते. उदरदर्शक शस्त्रक्रियेस ११५ मिनिटे व उदरच्छेदास ९० मिनिटे लागली. मुक्काम अनुक्रमे ५ व ७ दिवस आणि उपद्रवांचे प्रमाण शेकडा १० व ३३ होते. उदरदर्शकाने आरंभ केलेल्या दर दहा रुग्णांपैकी एकाचे उदर अखेर उघडावे लागले. शस्त्रक्रिया महाग पडूनही मुक्काम घटल्याने एकूण खर्च कमी आला. चाचणीचा मुख्य प्रश्न मात्र वेगळाच होता : पहिल्या तीन महिन्यांत रुग्णाच्या जीवनमानात फरक पडतो काय? त्याचे उत्तर नकारार्थी आले. २०११ मध्ये या दोन्ही चाचण्यांच्या एकूण १२० रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही शस्त्रक्रियेच्या आसपासच्या परिणामांत किंवा पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक दाखविता आला नाही.

हे आकडे वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. एक म्हणजे रुग्णालयातून घरी जाण्याचा दिवस केवळ शरीर ठरवीत नाही. रुग्णाची व वैद्याची अपेक्षाही तो ठरविते. डेन्मार्कमधील हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, दीर्घ उपवास, नाकातील नळी व सक्तीची विश्रांती या जुन्या प्रथा सोडून रुग्णाला लवकर खाऊ घातले व चालविले, तर मोठ्या छेदानंतरही तो लवकर सावरतो. दुर्बिणीच्या खात्यावर जमा केलेल्या लाभाचा काही अंश या सुधारणेचा आहे. दुसरी गोष्ट, दोन्ही चाचण्यांत नियोजित शस्त्रक्रियेचे निवडक रुग्ण होते आणि हात बसलेले शल्यचिकित्सक होते. गुंतागुंतीचे नालव्रण असलेल्या किंवा तिसऱ्यांदा शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

दीर्घ मुदतीचे निष्कर्ष अधिक बोलके आहेत. क्लीव्हलँडच्या रुग्णांचा सरासरी १० वर्षांहून अधिक व नेदर्लंड्सच्या रुग्णांचा सु. ६.७ वर्षे पाठपुरावा झाला. रोग परतण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखेच निघाले. हाताचा स्पर्श नसल्याने दूरची विकृत जागा नजरेतून सुटेल व रोग लवकर उलटेल, ही भीती त्यामुळे मावळली. स्वतःच्या शरीराविषयीची भावना व व्रणाचे स्वरूप यांबाबत मात्र उदरदर्शक गटातील रुग्ण अधिक समाधानी होते. हा लाभ क्षुल्लक समजण्याची रीत आहे, ती योग्य नाही. रुग्ण तरुण असतात, शाळा-महाविद्यालयात किंवा विवाहाच्या उंबरठ्यावर असतात, आणि रोगाने त्यांच्या शरीराची आधीच पुरेशी हेळसांड केलेली असते. छेदातील अंतर्गळही या पद्धतीत कमी आढळतो. आसंजनेही कमी होत असावीत, असे मानण्यास जागा आहे. ज्याचे उदर पुन्हा उघडावे लागण्याचा संभव आहे, त्याच्या दृष्टीने पहिल्या शस्त्रक्रियेने मागे ठेवलेले उदर जितके मोकळे तितके चांगले.

पद्धतीची निवड : शेषांत्र व उंडुक यांपुरत्या मर्यादित रोगात प्रथमच शस्त्रक्रिया होत असेल व अनुभवी शल्यचिकित्सक उपलब्ध असेल, तर उदरदर्शक पद्धतीस प्राधान्य द्यावे, असे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. पूर्वीची शस्त्रक्रिया, विद्रधी किंवा नालव्रण असला म्हणजे ही पद्धत वर्ज्यच, असे आता मानीत नाहीत, पण अशा रुग्णांत उदर उघडण्याची वेळ येण्याचा संभव वाढतो. आतडे फुटून पर्युदरशोथ (उदराच्या आतील आवरणाची दाहयुक्त सूज) झालेला रुग्ण, रक्तदाब उतरलेला रुग्ण, अतिशय फुगलेली आतडी व सर्वत्र दाट आसंजने या परिस्थितीत उदरच्छेदच सुरक्षित ठरतो. वायूच्या दाबाने हृदय व फुप्फुसे यांवर ताण येत असल्याने त्या अवयवांचा गंभीर विकार असलेल्या रुग्णातही विचार करावा लागतो.

दर्शकाने आरंभ करून मध्येच उदर उघडणे हा पराभव नव्हे. पहिल्या काही मिनिटांत आतील स्थिती पाहून विचारपूर्वक घेतलेला हा निर्णय रुग्णाच्या हिताचा असतो. रक्तस्राव किंवा इजा झाल्यावर नाइलाजाने उदर उघडावे लागणे वेगळे. त्यात उपद्रव अधिक होतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची संमती दोन्ही पद्धतींसाठी घेतात. ‘दुर्बिणीनेच करा’ असा हट्ट रुग्णाने धरणे किंवा तसे वचन शल्यचिकित्सकाने देणे, दोन्ही अयोग्य होत. ज्या गावी या कामात मुरलेला शल्यचिकित्सक नाही, तेथे चांगल्या हाताने केलेला उदरच्छेद हा अननुभवी हातातील दर्शकापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

पूर्वतयारी : शस्त्रक्रियेचे यश मार्गापेक्षा रुग्णाच्या पूर्वस्थितीवर अधिक अवलंबून असते. कुपोषण, रक्तक्षय, उदरातील पू व स्टेरॉइडांची मोठी मात्रा यांमुळे आतड्याचा जोड गळण्याचा धोका वाढतो. म्हणून वेळ असेल, तर विद्रधीतील पू श्राव्यातीत ध्वनीच्या किंवा संगणकीय क्ष-किरण चित्रणाच्या साहाय्याने त्वचेतून सुई घालून काढतात, काही आठवडे द्रव पोषक आहार देतात आणि स्टेरॉइडे हळूहळू कमी करतात. ती एकाएकी थांबविणे घातक असते. या रुग्णांत शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती असल्याने हेपारिनासारखे औषध देतात. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने लहान आतड्यातील सर्व विकृत जागांचा नकाशा आधीच मिळतो व हाताच्या स्पर्शाची उणीव पुष्कळशी भरून निघते.

शस्त्रक्रिया केव्हा : उदरदर्शकामुळे शस्त्रक्रियेच्या वेळेविषयीचा विचारही बदलला आहे. औषधांचे सर्व उपाय थकल्यावरच शल्यचिकित्सकाकडे जावे, असा पूर्वीचा प्रघात होता. नेदर्लंड्स व ब्रिटन येथील चाचणीत शेषांत्राच्या शेवटच्या ४० सेंमी.पेक्षा कमी भागात रोग असलेल्या १४३ रुग्णांची विभागणी करून एका गटास उदरदर्शकाने उच्छेदन व दुसऱ्यास इन्फ्लिक्सिमॅब हे जैव औषध देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर दोन्ही गटांचे जीवनमान सारखेच होते. सु. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात औषध घेतलेल्यांपैकी शेकडा ४८ जणांना अखेर उच्छेदन करावे लागले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा २६ जणांना पुढे त्या गटातील औषध सुरू करावे लागले, पण दुसरे उच्छेदन एकालाही लागले नाही. निरुंदी वाढून नालव्रण होण्याची वाट पाहण्यापेक्षा मर्यादित रोगात लवकर शस्त्रक्रिया करणे हा आता एक बरोबरीचा पर्याय मानला जातो. मोठा छेद हाच एक मार्ग होता, तेव्हा असा प्रस्ताव रुग्णापुढे ठेवणे कठीण होते.

पुनरुद्‌भव व पाठपुरावा : बेल्जियममधील पॉल रुटगर्ट्स व सहकारी यांनी १९९० मध्ये दाखविले की, उच्छेदनानंतर एका वर्षाच्या आत शेकडा ७३ रुग्णांच्या आतड्यात जोडाजवळ नवे व्रण दिसतात, पण त्या वेळी लक्षणे शेकडा २० जणांतच असतात. रोग जोडाच्या अलीकडे, लहान आतड्याच्या बाजूस परततो. जोडाची रचना बदलून हे टाळता येईल काय, यावर संशोधन चालू आहे. जपानमधील तोरू कोनो यांनी आंत्रबंधाच्या विरुद्ध बाजूस रुंद जोड करण्याची रीत २००३ मध्ये सुरू केली व तिचे आरंभीचे निष्कर्ष आशादायक आहेत. आंत्रबंधच रोगाचे मूळ असावे, या कल्पनेने तो विस्तृतपणे काढून पाहण्यात आला. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही.

निश्चितपणे सांगता येण्यासारखी एक गोष्ट म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांत पुनरुद्‌भवाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी बृहदांत्रदर्शन करून त्यानुसार औषध वाढविलेल्या रुग्णांत दीड वर्षाने पुनरुद्‌भव कमी आढळला. उदरावरील व्रण कितीही लहान असला, तरी अशी तपासणी सहा ते बारा महिन्यांत करवून घेणे आवश्यक असते. शेषांत्राचा बराच भाग काढलेल्या रुग्णात ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण मंदावते. त्याची पातळी ठराविक काळाने मोजतात व उणीव आढळल्यास ते अंतःक्षेपणाने देतात. पित्तलवणे शोषली न गेल्याने होणारे अतिसार हे रोग परतल्याचे चिन्ह नसते आणि ते वेगळ्या औषधाने आटोक्यात येतात.